डोळ्याला गोड लागेल एवढा उजेड

त्याला सगळे काजवा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते त्यालाही आठवत नव्हतं, पण का ठेवलं असेल ते त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कळलं असतं. भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, दुकानासमोर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या गाडीच्या पुढच्या सीटवर काळ्या ब्लँकेटचा ढीग दिसायचा. ढिगातून दोन पाय दाराबाहेर आलेले असायचे. मधूनच ढीग हलायचा, आतून एक शिवी ऐकू यायची आणि ब्लँकेटच्या विरलेल्या जागेतून हिरवट उजेडाचा ठिपका लुकलुकायचा. आत काजवा असायचा.

त्याचं काम गाडीच्या मीटरचं. स्टिअरिंगच्या मागे जी गोल घड्याळं असतात, वेग दाखवणारं, पेट्रोल दाखवणारं, इंजिन तापलं की सांगणारं, त्यांच्या मागचे दिवे जुन्या गाडीत मिणमिणते होतात. अंधार पडला की काटा कुठे आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही आणि पेट्रोल संपलं हे गाडी थांबल्यावर कळतं. अशी गाडी घेऊन लोक काजव्याकडे येत. बाकीचे वायरिंगवाले या कामाला हात लावायला तयार नसत. डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे प्लॅस्टिकचे खटके तुटणार, एक वायर जोडताना दुसरी सुटणार, कंबरेचा काटा ढिला होणार, आणि एवढं करून गिऱ्हाईक म्हणणार, "एवढंच होय?"

काजवा मात्र हेच करत आला. मीटरचा डबा बाहेर काढायचा. त्याच्या आतला पांढरा रंग बल्बच्या उष्णतेने चहासारखा तपकिरी झालेला असतो, तो घासून नवा द्यायचा, म्हणजे डबा उजेड गिळून टाकत नाही. बल्बवरच्या काळवंडलेल्या रबरी टोप्या बदलायच्या. फिकट पडलेल्या काट्यांवरून नारिंगी रंगाचा एक हात फिरवायचा. मग सगळं परत बसवून काचेवर आणि डोक्यावर ब्लँकेट ओढायचं, दिवसाची रात्र करायची आणि नुसतं बघत राहायचं.

किती उजेड हवा हे मोजायचं कुठलंही यंत्र त्याच्याकडे नव्हतं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते उस्ताद म्हणायचे, "डोळ्याला गोड लागला की गाडी द्यायची. चावला तर जास्त, शोधावा लागला तर कमी." या एवढ्या शिकवणीवर काजव्याने संसार केला, लेक शिकवली आणि रस्त्यावर नाव कमावलं. उजेड गोड लागेपर्यंत तो गाडी देत नसे, गिऱ्हाईक समोर येरझाऱ्या घालत असलं तरी.

आता अडचण एवढीच होती, की ज्या डोळ्याच्या भरवशावर हा सगळा कारभार चालला होता तो डोळाच दगा देऊ लागला होता. हे बायकोच्या लक्षात आलं होतं, लेकीच्या लक्षात आलं होतं, शेजारच्या पंक्चरवाल्याच्याही लक्षात आलं होतं. राहिला होता तो फक्त काजवा.

त्याच्या मते दोष व्होल्टेजचा होता.

"हल्ली लाइनला दमच नाही," तो घरी आल्या आल्या म्हणायचा आणि स्टुलावर चढायचा. वर्षभरात त्याने घरातले सगळे दिवे बदलले होते, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठा दिवा आला होता. स्वयंपाकघराचं ऑपरेशन थिएटर झालं होतं. बायको ओट्यापाशी डोळे बारीक करून उभी असायची.

"अहो, समोरच्या वहिनी विचारत होत्या, घरात लग्न निघालंय का म्हणून."

"मग सांग, निघालंय. अंधारात राहायचं का लग्न निघेपर्यंत?"

"अंधार कुठंय? मला भाजीतली अळीसुद्धा सावलीसकट दिसते."

ती हे हसून म्हणायची खरी, पण तो अंघोळीला गेला की पंख्याचं बटण दाबावं तितक्या सहज दोन दिवे बंद करून टाकायची आणि तो बाहेर यायच्या आत पुन्हा लावायची. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्या अनेक गोष्टींतून अशीच, न भांडता, वाट काढली होती. भांडायची ताकद तिच्यातही उरली नव्हती.

तसा काजवाही दमलेलाच होता. स्टिअरिंगखाली मान घालायची म्हणजे आधी गुडघा कुठे ठेवायचा, मग खांदा कुठून घालायचा याचा विचार करावा लागे. एकदा आत शिरलं की बाहेर यायला दाराची कड धरून, स्वतःला हप्त्याहप्त्याने बाहेर काढावं लागे. नव्या गाड्यांमध्ये काटेच नव्हते, सगळा पडदा. तो बिघडला की कंपनीत जायचं आणि नवा बसवून यायचं. त्यात त्याचं काय काम? उरल्या होत्या म्हाताऱ्या गाड्या आणि त्यांच्याइतकेच म्हातारे मालक. एकेक करून दोन्ही कमी होत होते. संध्याकाळी शटर ओढताना त्याला रोज वाटे, उद्या उघडायला नको. सकाळी तो उघडायचाच. दुसरं काय येत होतं त्याला?

पहिली कुरबूर लंबूने केली. लंबू टॅक्सीवाला, त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मीटर करून नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो गाडी घेऊन हजर झाला आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "काजव्या, मी टॅक्सी चालवतो की नाटकात काम करतो? सगळा उजेड तोंडावर. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, तुमचा चेहरा आरशात हिरवा दिसतो."

"तुझा चेहरा आधी कोणत्या रंगाचा होता?"

"थट्टा नको. कमी कर जरा."

काजवा ब्लँकेट घेऊन आत शिरला. बराच वेळ बघत राहिला. त्याला तर काटा नीट उठून दिसत होता. उजेड चावत तर अजिबात नव्हता. उलट वेगाच्या घड्याळाची डावी बाजू जरा मंदच वाटत होती. तो बाहेर आला तो नाक लाल करूनच.

"यात कमी करण्यासारखं काही नाही. तुझेच डोळे दाखव कुणाला तरी."

लंबूने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं बाबा," म्हणून गाडी घेऊन गेला. पुढच्या महिन्यात त्याची टॅक्सी रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात उभी दिसली. काजव्याने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. पण त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

लेकीच्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी होती. ती त्याच्या जिवाचा तुकडा होती. लेकही आणि गाडीही.

लेक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. संध्याकाळच्या पाळीत घरोघर जायचं, आजारी माणसांचं रक्त घ्यायचं, बाटल्या थंड पेटीत ठेवायच्या आणि अंधार पडता पडता प्रयोगशाळेत पोचवायच्या. त्यासाठी काजव्याने तिला एक जुनी गाडी शोधून आणली. इंजिन ठणठणीत, पण मीटर असं की काडी पेटवून बघावं. काजव्याने दुकानातलं दुसरं सगळं काम बाजूला सारलं. डबा घासून आतून दोनदा पांढरा केला. बल्बऐवजी नवे एलईडी बसवले. आणि उजेड कमीजास्त करायचं जे फिरतं बटण असतं, डिमर, तेच काढून टाकून सरळ वायर जोडली.

"डिमर म्हणजे मधला दलाल," तो लेकीला म्हणाला होता. "अर्धा उजेड वाटेतच खातो. तुला नको ती भानगड. तुला सगळा उजेड."

तिने पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा तो शेजारच्या सीटवर तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. तिने डोळे मिचकावले. मग म्हणाली, "छान दिसतंय, बाबा." आयुष्यात इतकं मनासारखं काम आपल्या हातून झालं नव्हतं असं त्याला त्या वेळी वाटलं होतं, आणि ते वाटणं त्याला कित्येक दिवस पुरलं.

मग एका संध्याकाळी लेक गाडी घेऊन थेट दुकानात आली. पुढचा डावा दिवा फुटला होता आणि मडगार्ड आत गेलं होतं. ती सीटवरून उतरली ती चावी गाडीतच ठेवून.

"काय झालं?"

"खांबाला घासली. वळणावर. लागलं नाही मला."

"खांब काय चालत आला होता?"

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि थंड पेटी उचलून रिक्षाने पुढे गेली. बाटल्या वेळेत पोचायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजवा गाडीला लागला. दिवा बदलून झाल्यावर तो लागतो का ते बघायला आत बसला. चावी फिरवली. समोरचे दिवे लागले, पण मीटर, मधली एक फट सोडली तर, जवळजवळ काळंच. एवढ्यात गेलं? त्याने बोट फिरवलं तर बोटाला काचेऐवजी कागद लागला. वेगाच्या घड्याळावर, पेट्रोलच्या घड्याळावर, कडेकडेने, थरावर थर देऊन पांढऱ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. रक्ताच्या बाटल्यांवर लावतात त्या. डोळ्यांपाशी नेऊन त्याने त्यावरचं छापील अक्षर वाचलं. नाव, वय, तारीख. पुढच्या जागा रिकाम्या.

पट्ट्या घाईने चिकटवलेल्या नव्हत्या. काट्यापुरती चीर ठेवून, कात्रीने गोल कापून, कुणीतरी नीट बसून ते काम केलं होतं. काजव्याला कारागिरी कळत होती. त्याने एकेक पट्टी नखाने सोडवली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि शटर अर्धं ओढून आत बसून राहिला. पंक्चरवाला चहाला बोलावायला आला, त्याला त्याने हातानेच नाही म्हटलं.

दुपारी लेक पाळीला निघायच्या आधी तो घरी आला. ती कपड्यांची घडी करत होती. त्याने खिशातल्या पट्ट्या काढून पलंगावर ठेवल्या. त्याला रागावायचं होतं. वाटेत त्याने सगळी तयारी केली होती. "माझ्या कामावर ठिगळं लावतेस होय?" असं म्हणायचं होतं. पण लेकीने पट्ट्या पाहिल्या आणि ती पलंगाच्या कडेला बसली, तेव्हा त्याच्या तोंडून आलं ते इतकंच, "सांगायचं नाही का?"

"किती हौसेने केलं होतं तुम्ही."

"म्हणून?"

"म्हणून नाही सांगितलं." तिने घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घातला. "अंधारात ते आकडे पुढच्या काचेवर दिसतात, बाबा. रस्त्यावर तरंगल्यासारखे. पट्ट्या लावल्या होत्या, पण काल मधली एक सुटली. वळणावर काचेत नुसता उजेडच दिसला. खांबही दिसला नाही." ती थांबली. "खांबाच्या पलीकडे एक बाई उभी होती, मुलीचा हात धरून."

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"त्यांना काही झालं नाही," लेक घाईने म्हणाली.

त्याने वर छताकडे पाहिलं. तिथला दिवा, त्याने मागच्याच महिन्यात लावलेला, जळत होता. त्याला तो मंद वाटत होता. त्याने बायकोला विचारलं, "हा दिवा तुला कसा दिसतो? खरं सांग."

"खरं सांगू? मी या घरात डोळे मिटूनच वावरते, अहो. वर्ष झालं."

ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. काजव्याला आधी लाज वाटली, मग भीती. आपण आपल्या हाताने लेकीच्या तोंडासमोर आग ठेवली आणि तिच्या कौतुकाची वाट बघत बसलो, हे त्याला इतकं लागलं की त्याने उठून आधी तो दिवा बंद केला. खोलीत खिडकीचा उजेड राहिला. दोघी म्हणाल्या की बरं वाटतं. त्याला समोरच्या दोघींचे चेहरे धड दिसले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. काजवा मन लावून दाबत होता. मधे बराच वेळ ठिपका आलाच नाही, तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुमचं मशीन अडकलं बहुतेक." मशीन अडकलं नव्हतं.

"काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. जे गेलंय ते परत येणार नाही. जे आहे ते थेंबांनी सांभाळायचं."

"मोतीबिंदू नाही ना नक्की? तो काढता येतो म्हणतात."

"मोतीबिंदू असता तर मलाही बरं वाटलं असतं, काका."

बाहेर येऊन तो बाकावर बसला. आयुष्यभर मंद झालेल्या गाड्या त्याच्याकडे आल्या आणि त्याने एकाही मालकाला उजेड परत येणार नाही असं कधी सांगितलं नव्हतं. डबा घासता येतो, टोपी बदलता येते, वायर नवी घालता येते. त्याने बायकोला तेवढंच सांगितलं, "घरी जाऊ." रिक्षात तिने त्याचा हात धरला. तो त्याने काढून घेतला नाही.

दुकान काही दिवस बंद राहिलं. काजवा घरात खुर्चीवर बसून असे. थेंब घालायची वेळ झाली की मान मागे टाकी आणि पुन्हा तसाच बसे. जुने दिवे बायकोने माळ्यावरून काढून एकेक करून परत लावले, तेही त्याने पाहिलं. लंबू एकदा येऊन गेला. चहा पिऊन, हवापाण्याच्या गोष्टी करून, उठताना म्हणाला, "ते पलीकडच्या दुकानातलं पोरगं ठीक आहे रे. पण बोलायला मजा नाही." काजवा त्यावर हसला, पण उठला नाही.

लेक मात्र रोज रिक्षाने जात होती. पेटी मांडीवर, जिने चढायचे, उतरायचे, पुन्हा रिक्षा शोधायची. घरी यायची ती पायातल्या चपला काढायचंही विसरून जमिनीवर आडवी व्हायची. गाडी दुकानासमोर उभी होती. ती दुसऱ्या कुणाकडे नेऊन दे, असं तो तिला म्हणाला नव्हता, आणि नेऊ का, असं तिने विचारलं नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी त्याने तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं आणि खुंटीवरची दुकानाची किल्ली घेतली.

"चल," तो म्हणाला. "आणि घाईत असशील तर येऊ नकोस. वेळ लागेल."

डॅशबोर्ड उघडायला त्याला डोळे लागले नाहीत. कुठला खटका कुठे दाबायचा ते बोटांना ठाऊक होतं. त्याने मीटर बाहेर काढलं, ते झगझगीत एलईडी उपटून साधे बल्ब घातले, त्यांवर हिरव्या टोप्या चढवल्या. खोक्याच्या तळातून एक डिमर शोधून काढला, गंज घासला आणि जिथून तो उखडला होता तिथेच पुन्हा जोडला. लेक शेजारी बसून मागेल ते हातात देत होती. एकदा त्याने पकड मागितली आणि तिने पाना दिला, तेव्हा तो म्हणाला, "लॅबमध्येही असंच करतेस का? लोकांचं काही खरं नाही." ती किती दिवसांनी हसली.

मग त्याने ब्लँकेट काढलं. झटकलं. दोघांच्या डोक्यांवरून, काचेवरून, दारांवरून ओढून घेतलं. आत अंधार झाला आणि उकडायला लागलं. लेकीच्या हातांना स्पिरिटचा वास होता. ती एवढीशी होती तेव्हा हट्टाने या ब्लँकेटखाली येऊन बसायची आणि प्रत्येक काट्याला नाव द्यायची. काजव्याला ते आठवलं. त्याने ब्लँकेटची कड तिच्या बाजूला नीट खोचली.

त्याने डिमर पूर्ण उघडला. आकडे उगवले. त्याच्या डोळ्याला गोड लागले.

"सांग," तो म्हणाला.

"कमी करा."

त्याने बटण थोडं फिरवलं. "आता?"

"अजून."

काट्याची नारिंगी रेघ बारीक झाली. आकड्यांच्या कडा विरघळल्या. त्याचं बोट थांबू पाहत होतं. आयुष्यभर ते इथेच थांबत आलं होतं.

"अजून, बाबा."

त्याने फिरवलं. डावीकडचे आकडे गेले. मग उजवीकडचे. मधे हिरवट धुक्यासारखं काहीतरी राहिलं आणि मग तेही आहे की आपल्यालाच वाटतंय, हे त्याला सांगता येईना.

"बास," लेक म्हणाली. "आता बरोबर झालं."

काजवा समोर बघत राहिला. समोर काळोख होता.

"पेट्रोलचा काटा कुठे आहे?" त्याने विचारलं.

तिचा श्वास त्याला ऐकू आला. मग ती म्हणाली, "अर्ध्याच्या जरा खाली."

"चावत नाही ना?"

"नाही."

"शोधावा लागत नाही ना?"

"नाही, बाबा. गोड लागतोय."

"बरं," काजवा म्हणाला. त्याने हात पुढे केला, चाचपत डॅशबोर्डचा शेवटचा स्क्रू शोधला आणि अंधारातच पक्का आवळला.